एम्प्रेस गार्डनचं पुष्पप्रदर्शन, त्याचा इतिहास आणि माळ्याचं नाव

मुठाकाठ

सव्वीस जानेवारीच्या आगेमागे एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं, हे पुणेकरांना वेगळं सांगायला नको. गुलाब, शेवंती, डेलिया, बोन्साय, जपानी पद्धतीच्या पुष्परचना, भाजीपाला, रोपवाटिकांचे स्टॉल, कुंड्या, बागेची अवजारं, आणि त्याच मोसमात शाळकरी मुलांची चित्रकला स्पर्धा. बागकाम आणि कला एकाच आवारात नांदतात. हे कसं जमून आलं ते सविस्तर लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की या जवळजवळ दोनशे वर्षांच्या हकिगतीत गव्हर्नर सापडतात, सुपरिंटेंडेंट सापडतात, बक्षीस देणारे शेठ सापडतात. ज्याच्या हातून झाड उभं राहिलं तो माळी मात्र कुठेच नावानिशी भेटत नाही. ही उणीव भरून काढायला हवी असं मला मनापासून वाटतं.

हकिगत सुरू होते दापोडीला. सर जॉन माल्कम मुंबई इलाख्याचा गव्हर्नर असताना १८२८ साली तिथल्या सरकारी बंगल्याच्या आवारात वनस्पती-उद्यान सुरू झालं. बाग शोभेसाठी कमी आणि उपयोगासाठी जास्त होती. बाहेरून आणलेली पिकं, फळझाडं, औषधी वनस्पती इथल्या मातीत रुजतात का ते पाहायचं, रुजली तर रोपं वाटायची. पाठोपाठ १८३० साली 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही संस्था निघाली. एम्प्रेस गार्डनची व्यवस्था आणि हे प्रदर्शन आजही याच नावाच्या संस्थेकडे आहे. नावात शेती आधी आणि बाग नंतर आहे, तो क्रम त्या काळाचा आहे.

१८३८ पासून दापोडीची बाग अलेक्झांडर गिब्सनकडे आली. पेशाने डॉक्टर, वृत्तीने वनस्पतींचा वेडा. जुन्नरकडे हिवऱ्याला त्याने औषधी वनस्पतींचा मळा चालवला. पुढे १८४७ साली तो इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. याच गिब्सनने १८४७ ते १८५० च्या दरम्यान दापोडीच्या बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली. सुमारे १७० चित्रं आहेत आणि ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये सुखरूप आहेत. पानाची शीर न् शीर, कळीपासून फळापर्यंतचे टप्पे, अगदी किडीने खाल्लेली कडासुद्धा निगुतीने रंगवायची ही परंपरा. ज्याने ती रंगवली तो चित्रकार इंडो-पोर्तुगीज होता एवढंच कळतं. नाव कुणी लिहून ठेवलेलं नाही. झाडाचं लॅटिन नाव आहे, साहेबाचं नाव आहे, चित्र काढणाऱ्याची जागा कोरी.

१८६० च्या दशकात दापोडीची बाग बंद पडली आणि १८७३ साली गणेशखिंडीला नवी वनस्पती-बाग झाली. ती पुढे शेतकी खात्याकडे गेली आणि २०२० साली राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर केलं.

आता एम्प्रेस. कॅम्पाच्या पूर्वेला, रेसकोर्सपलीकडे, गोऱ्या शिपायांना विरंगुळा म्हणून 'सोल्जर्स गार्डन' होतं. १८७७ साली व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर केलं, आणि बागेलाही नवं नाव मिळालं. बाग ३९ एकरांची. मधून ओढा जातो, वर शंभरी ओलांडलेली झाडं, आणि माणसाच्या मांडीएवढ्या जाड वेली जमिनीवर लोळत जाऊन पुन्हा झाडावर चढलेल्या. ही हिरवाई तगली ती मुठा कालव्यामुळे. खडकवासल्याचं धरण झालं, कालवा हडपसरकडे गेला आणि पुण्याच्या पूर्व अंगाला बारमाही पाणी आलं. कालवा नसता तर उन्हाळ्यात ही बाग टिकली नसती आणि प्रदर्शनही भरलं नसतं.

प्रदर्शनाचा साचा विलायती. लंडनची हॉर्टिकल्चरल सोसायटी १८०४ ची. गट पाडायचे, प्रवेशिका मागवायच्या, परीक्षक नेमायचे, फिरता चषक ठेवायचा, ही पद्धत तिकडून आली आणि छावणीच्या गावांत रुजली. आपल्याकडे ती इतकी अंगवळणी पडली, की आज मराठी शाळेतली मुलगीही 'गट क्रमांक अमुक, कुंडीतली शोभेची पानं' अशी चिठ्ठी लावून उभी असते. ते दृश्य मला फार आवडतं.

ज्यांच्या घरात कुणी बागकामात होतं, कुणी स्पर्धेत भाग घेतलाय, त्यांनी जरूर लिहा.

रानफूल

सुंदर लेख. दापोडीच्या चित्रांबद्दल अजिबात माहीत नव्हतं. मी रोज हॅरिस पुलावरून जाते आणि त्या बाजूला कधी काळी वनस्पती-उद्यान होतं याची कल्पनाही नव्हती. चित्रं बघायला कुठे मिळतील?

जुनी_पेठ

मुठाकाठ, चांगला विषय काढलात. एक भर घालतो, कारण तुमची गोष्ट १८२८ ला सुरू होते आणि पुण्यातली बाग त्याच्या किती तरी आधीची आहे.

पेशवाईत पुण्याभोवती बागांचं कडं होतं. पर्वतीच्या तळ्याकाठी नानासाहेबांचं हिराबाग. तळ्यातल्या बेटावर सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ साली, गणपती बसला, तो सारसबाग. कात्रजचं पाणी दगडी नळातून गावात आणलेलं, त्यावर वाड्यांमधली कारंजी आणि बागा पोसलेल्या. देवाला रोजची फुलं, बायकांना वेण्या, सणाला तोरणं. हे सगळं करणारी माळी मंडळी पेठांमध्येच राहत होती.

आणि त्यातलंच एक घराणं महात्मा फुल्यांचं. मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांना फुलं पुरवण्याचं काम घराण्याकडे आलं आणि लोक त्यांना फुले म्हणू लागले. जोतीरावांच्या वडिलांचं, गोविंदरावांचं, फुलांचं दुकान होतं. १८८२ साली शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीरावांनी निवेदन दिलं, त्याखाली त्यांनी स्वतःची ओळख व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर अशी लिहिली आहे. एकीकडे साहेबांच्या बागा उभ्या राहत होत्या आणि त्याच शहरात माळ्याच्या घरातला माणूस शेतकऱ्याचं म्हणणं सरकारला लेखी सांगत होता. माळी नावानिशी भेटत नाही असं तुम्ही म्हणता ते प्रदर्शनांपुरतं खरं आहे. शहराच्या इतिहासात सगळ्यांत मोठं नाव त्याच घरातलं आहे.

मुठाकाठ

जुनी_पेठ, हे यायलाच हवं होतं, आभार. कालवा हडपसर-मांजरीकडे गेला आणि त्या पट्ट्यातल्या माळी कुटुंबांनी त्या पाण्यावर फुलं, भाज्या, फळं पिकवली. एम्प्रेस गार्डन त्याच पट्ट्याच्या तोंडाशी आहे.

रानफूल ताई, मूळ चित्रं एडिंबरोलाच आहेत. २००२ साली त्यांच्यावर तिथल्या एका वनस्पतिशास्त्रज्ञाने सविस्तर अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हापासून ती लोकांना ठाऊक झाली.

तांबडी_माती

मी इथे फारसा लिहीत नाही, वाचत असतो. पण हा धागा बघून राहवलं नाही.

माझे वडील माळी होते. कॅम्पातल्या एका बंगल्यावर त्यांनी उभी हयात काढली. मागच्या आवारात आम्हाला खोली होती, माझं बालपण तिथेच गेलं. बंगल्याच्या मालकांना गुलाबांची हौस होती आणि दर वर्षी ते गुलाब स्पर्धेला जायचे.

लोकांना टेबलावरचं फूल दिसतं, त्यामागचं काम दिसत नाही, म्हणून सांगतो. गावठी खुंटावर डोळा भरायचा, म्हणजे हव्या जातीचा कोंब त्याच्या सालीखाली बसवायचा, तो थंडीत. आप्पांचा हात इतका हलका होता, की साल उचलताना खालचा लाकडाचा भाग कोरडा पडायच्या आत डोळा बसवून पट्टी गुंडाळलेली असायची. अंगठ्याच्या नखाने साल सोडवायचे, त्यामुळे ते नख कायम वाढवलेलं आणि हिरवं. प्रदर्शनाची तारीख कळली, की छाटणीचा दिवस उलटा मोजायचा. थंडीत छाटणीनंतर फुलायला पन्नास-साठ दिवस लागतात. एखाद्या वर्षी थंडी लांबली की फूल मागे पडतं, ऊन वाढलं की चार दिवस आधी उमलून बसतं. म्हणून सगळी झाडं एकाच दिवशी छाटायची नाहीत. तीन-चार दिवसांच्या फरकाने ओळी पाडायच्या, म्हणजे कुठली ना कुठली ओळ तारखेला येते. मग एका फांदीवर एकच कळी राखायची, बाजूच्या कळ्या मोहरीएवढ्या असतानाच खुडायच्या. पाऊस आला तर कळीवर कागदाची टोपी.

आदल्या रात्री ते झोपायचे नाहीत. पहाटे अंधारात, दव असताना, टॉर्च दातात धरून फुलं कापायचे. देठ लांब, पानं स्वच्छ, फूल अर्ध्याहून थोडं जास्त उमललेलं, मधल्या पाकळ्यांचा शंकू ताठ. कापलं की लगेच गळ्यापर्यंत पाण्याच्या बादलीत. बादली मांडीत धरून टांग्यात बसायचे, नंतर टेम्पोत.

बक्षीस लागायचं. चिठ्ठीवर नाव मालकांचं. बंगल्याच्या दिवाणखान्यात चषकांचं कपाट होतं. पुसायला आई जायची. मालक वाईट माणूस नव्हते, दिवाळीला कपडे करायचे, माझ्या शाळेची फी त्यांनीच भरली. पण त्या कपाटात आप्पांचं नाव कुठे नव्हतं. आप्पा स्वतः कधी काही बोलले नाहीत. 'झाडाला माहितीय' एवढंच म्हणायचे. मला मात्र ते लागलं होतं आणि अजून लागतं.

रानफूल

तांबडी_माती दादा, वाचून गलबलून आलं. आप्पांना नमस्कार.

शेवंती

दादा, तुमच्या वडिलांबद्दल वाचून डोळे भरले. त्यांचं नाव चिठ्ठीवर यायलाच हवं होतं, यात दुमत नाही.

तरीही दुसरी बाजू मांडते, कारण मी स्पर्धेत कुंड्या लावणाऱ्यांपैकी आहे आणि माझ्याकडे माळी नाही. गच्चीवर सगळं मीच करते. आता भाग घेणाऱ्यांत माझ्यासारख्या बायका भरपूर आहेत: निवृत्त शिक्षिका, बँकेतल्या, घर सांभाळणाऱ्या. बंगल्यांची जागा सोसायट्यांनी घेतली तशी स्पर्धाही बदलली. चिठ्ठीवर नाव आणि हात एकाच माणसाचे, असं आता पुष्कळदा असतं.

शेवंतीचं सांगते. पावसाळ्याच्या तोंडाशी फुटव्यांची छाट लावायची. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, पुन्हा फुटलं की पुन्हा खुडायचा, म्हणजे झाड गुबगुबीत होतं. मोठं एकच फूल हवं असेल तर उलट करायचं, एक काडी ठेवून बाकी सगळं काढायचं. शेवंती दिवस लहान झाले की कळीवर येते, म्हणून ती खरी नोव्हेंबर-डिसेंबरची. जानेवारीच्या अखेरीला फूल हवं तर संध्याकाळनंतर काही आठवडे दिवा लावून तिचा दिवस लांबवायचा. माझ्या गच्चीतला दिवा बघून शेजारचे विचारतात, रात्री कोण जागं असतं वर? पोयटा, शेणखत, थोडी वाळू, निंबोळी पेंड. पाणी पानांवर नाही, मुळाशी. एवढं करूनही माव्याची कीड आली की सगळं मुसळ केरात.

तेव्हा इतिहास लिहिताना आम्हालाही धरा. बाहेरच्या जगात स्वतःच्या नावाने मिळालेलं माझं पहिलं प्रमाणपत्र कुंडीतल्या शेवंतीचं आहे.

मुठाकाठ

शेवंती ताई, तुमचं म्हणणं रास्त आहे आणि ते माझ्या मुद्द्याच्या बाजूचंच आहे. जिथे हात आणि नाव एक झालं तिथे प्रदर्शन खरं लोकांचं झालं. प्रश्न उरतो पगारी माळ्यांचा. कंपन्यांच्या, संस्थांच्या, सरकारी निवासस्थानांच्या बागाही प्रदर्शनांत उतरतात, तिथे चषक घ्यायला कोण जातं ते आपण सगळेच पाहतो.

भायखळ्याची

मुंबईकडून थोडं लिहिते. आमच्याकडे राणीच्या बागेत दर वर्षी जानेवारी-फेब्रुवारीत महापालिकेचं प्रदर्शन भरतं. पुण्यात संस्था भरवते, इथे पालिका, याचं कारण इतिहासात आहे.

अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी याच नावाच्या संस्थेला १८३५ साली शिवडीला बागेसाठी जागा मिळाली होती. ती जागा पुढे दफनभूमीसाठी गेली आणि बाग भायखळ्याला आली. १९ नोव्हेंबर १८६२ ला लेडी फ्रिअरच्या हस्ते व्हिक्टोरिया गार्डन्सचं उद्घाटन झालं. सुरुवातीची जागा ३३ एकर. १८७३ साली बाग पालिकेकडे गेली, ती आजतागायत पालिकेकडेच आहे.

पण मला सांगायचंय ते बागेच्या दाराशी असलेल्या संग्रहालयाबद्दल, आताचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय. १८५१ च्या लंडनच्या आणि १८५५ च्या पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनांसाठी इथून कारागिरांच्या वस्तू जमवल्या गेल्या, त्यातून हा संग्रह सुरू झाला. आधी तो फोर्टातल्या बराकीत होता. १८५७ साली बराक सैन्याला हवी झाली, वस्तू घाईघाईने बाहेर काढल्या आणि बरंच नुकसान झालं. मग जॉर्ज बर्डवुड, भाऊ दाजी, जगन्नाथ शंकरशेट यांनी खटपट करून वर्गणी उभी केली आणि २ मे १८७२ ला आजची इमारत खुली झाली. बाग आणि कारागिरीचं संग्रहालय एकाच आवारात, मुद्दाम तसंच योजलेलं. आत मातीचे छोटे पुतळे आहेत: कुंभार, विणकर, भाजीवाली, निरनिराळे धंदे करणारी माणसं. बोटभर उंचीचा माणूस, त्याच्या पागोट्याची घडीसुद्धा ओळखू येते. हे पुतळे करणाऱ्या कारागिरांपैकी बहुतेकांची नावं पाटीवर नाहीत. मुठाकाठ, तुमचा दापोडीचा चित्रकार आणि आमचे हे कारागीर सख्खे भाऊ म्हणायचे.

संग्रहालयाच्या आवारात काळा घोडा उभा आहे, सातव्या एडवर्डचा मूळ पुतळा. फोर्टातून तो १९६५ साली इथे आणला. त्याच्या रिकाम्या जागेचं नाव घेऊन १९९९ पासून फोर्टात काळा घोडा कला महोत्सव भरतो. जानेवारी-फेब्रुवारीत नऊ दिवस, रस्त्यावर हस्तकलेचे स्टॉल, चित्रं, नाटकं, प्रवेश फुकट. नाव फोर्टातल्या उत्सवाला आणि घोडा आमच्या बागेत. २०१७ मध्ये त्या चौकात बिनस्वाराचा नवा घोडा बसवला.

राणीबागेच्या प्रदर्शनात फुलांचे मोठमोठे आकार करतात, मुलांची त्यावर उडी पडते. लोखंडी सांगाडा, त्यावर जाळी, जाळीत फुलांची गच्च भरणी. ते काम पालिकेचे माळी रात्रभर करतात. फुलं सुकली की पहाटे बदलतात. फोटो काढायला लोक येतात तोपर्यंत माळी पाण्याचा पाइप गुंडाळून मागे गेलेले असतात.

गुटीकलम

मी उरुळीकडचा, रोपवाटिका आहे. सोलापूर रस्त्याने आलात तर दोन्ही बाजूंना आमचीच दुनिया दिसेल. इथून रोपं नागपूर, हैदराबाद, पार उत्तरेपर्यंत जातात.

प्रदर्शन आमच्यासाठी हौस पण आहे आणि धंदा पण. स्टॉलवर येणारं गिऱ्हाईक फुललेली कुंडी उचलतं. माझं सांगणं असतं, कळीवरची घ्या, आठ दिवस सावलीत ठेवा, मग कोकोपीटमधून (नारळाच्या काथ्याच्या भुशातून) काढून मातीत लावा. घाईने घरी नेऊन उन्हात ठेवलं की झाड बसतं आणि नाव आमचं खराब होतं.

तांबडी_माती भाऊ, तुमच्या आप्पांसारखे डोळा भरणारे हात आता कमी राहिले. आमच्याकडे कलमं बांधणाऱ्या बहुतेक बायका आहेत. दिवसाकाठी शेकड्याने कलमं बांधतात आणि मर फार कमी. एका बाईच्या हाताची कलमं मी वेगळी ओळखतो, पट्टीचा शेवटचा पेच ती डावीकडून घेते. पुढच्या वेळी स्टॉलवर त्यांची नावं लिहून पाटी लावणार. आजवर सुचलं नाही, हा धागा वाचून सुचलं.

फोंडेकर

गोव्याकडचं सांगतो. आमच्याकडे बाग, रान आणि कला यांचा सर्वांत मोठा सोहळा प्रदर्शनाच्या मैदानावर नसतो, घरात असतो: चवथीची माटोळी.

गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगायची आणि तिला रानातली, कुळागरातली (नारळ-सुपारीच्या बागेतली) फळं-फुलं बांधायची. नारळाची पेंड (घड), सुपारीचे घोस, तोरिंगां, कांगलां, घागऱ्यो. कुठलं फळ कुठल्या डोंगरात, कुठल्या पंधरवड्यात मिळतं हे ठाऊक असलेली माणसं लागतात. चवथीच्या आदल्या दिवसांत फोंड्याला, म्हापशाला, पणजीला माटोळीचा बाजार भरतो. रानातून वस्तू आणणाऱ्या बायका जमिनीवर पसरून बसतात. त्यांच्याइतकं झाडांचं ज्ञान पदवीधरांकडेही सापडणं कठीण.

कला आणि संस्कृती संचालनालय माटोळीची स्पर्धा घेतं. त्यात काही घरं शेकड्यांनी वेगवेगळ्या वस्तू बांधतात, त्यातून मोर, देवदेवता, देखावे उभे करतात. इथे बक्षीस माटोळी बांधणाऱ्याच्या नावाने मिळतं, परीक्षक त्याच्या घरी जातात. मात्र ज्या बाईने डोंगर पालथा घालून वस्तू आणली तिचं नाव इथेही येत नाही. हे मला आजच जाणवलं.

खडूफळा

मी चित्रकलेचा शिक्षक. एम्प्रेस गार्डनच्या बालचित्रकला स्पर्धेला आमच्या शाळेची मुलं जातात. दरवाजातून आत शिरताना वह्या-पाट्या सांभाळणारी हजारो मुलं, प्रत्येकाला एक झाड सापडतं आणि त्याखाली बैठक जमते.

आम्ही वर्गात निसर्गचित्र काढायला सांगितलं की दोन डोंगर, मध्ये सूर्य, खाली नदी. तीच मुलं बागेत बसली की वेगळं काढतात. आमच्या एका मुलीने पूर्ण कागदावर माळ्याचे पाय काढले होते: चिखलाची पँट दुमडलेली, बाजूला पाइप आणि पाइपच्या फाटक्या जागेतून उडणारं पाणी. मी विचारलं, वरचा माणूस कुठे? म्हणाली, 'सर, मी खाली बसले होते, मला एवढंच दिसलं.' ते चित्र मी शाळेच्या फलकावर लावलं.

दापोडीच्या चित्रांबद्दल पहिल्यांदाच कळलं. आठवी-नववीला वनस्पतींची बारकाईने चित्रं काढायला शिकवायची असतील तर याहून चांगलं उदाहरण नाही, आणि तेही आपल्याच गावातलं.

स्कॉटलंडची_थंडी

एडिंबरोजवळ राहते म्हणून लिहिते. इथल्या बोटॅनिक गार्डनच्या संग्रहात भारतातून आलेली वनस्पतिचित्रं हजारोंनी आहेत. बहुतेक चित्रकार भारतीय, आणि बहुतेकांची नावं हरवलेली. रानफूल, कधी या बाजूला येणं झालं तर आधी पत्र टाकून परवानगी घ्यावी लागते. चित्रं नाजूक असतात, कायमची भिंतीवर नसतात.

आणखी एक गोष्ट मुठाकाठांना उपयोगी पडेल. पुण्या-मुंबईच्या आधी, १८२० साली, विल्यम कॅरीने कलकत्त्यात शेती-बागकामाची अशीच संस्था काढली. मराठीचं व्याकरण छापणारा श्रीरामपूरचा पाद्री कॅरी तो हाच, त्याचं बागेचं वेड जबर होतं. त्या संस्थेच्या सुरुवातीच्या भाजीपाला प्रदर्शनांत देशी माळ्यांना थेट रोख बक्षिसं आणि पदकं देत असत. कोबी, वाटाणा, फुलकोबी ज्याने पिकवली त्याच्या हातात पैसे. म्हणजे माळ्याला बक्षीस ही कल्पना नवी नाही, या प्रदर्शनांच्या जन्मापासून आहे.

जुनी_पेठ

हे फार मोलाचं. म्हणजे आपण मागतोय ते नवं काही नाही.

मुठाकाठ, पुण्याच्या कारागिरीच्या संग्रहालयाचाही उल्लेख राहू नये. घोले रस्त्यावरचं महात्मा फुले वस्तुसंग्रहालय १८९० चं, आधी लॉर्ड रे यांच्या नावाने औद्योगिक संग्रहालय म्हणून ओळखलं जायचं. देशी उद्योग, हस्तव्यवसाय लोकांना पाहायला मिळावेत हा हेतू. मंडईलाही आधी रे यांचंच नाव होतं आणि आता तीही महात्मा फुले मंडई. भाजीबाजार आणि कारागिरीचं संग्रहालय, दोन्हींवर माळ्याच्या घरातल्या माणसाचं नाव आहे, ही गोष्ट मला पुण्याबद्दल फार आवडते.

मुठाकाठ

सगळ्यांचे आभार. एवढं समोर आल्यावर एक ठोस सूचना मांडतो, पटली तर आपापल्या गावच्या प्रदर्शनवाल्यांना कळवा. प्रवेशिकेत एक रकाना वाढवायचा: 'झाड वाढवणाऱ्याचं नाव'. घरच्या हौशी माणसाने तिथे स्वतःचं नाव लिहावं, बंगल्याने आणि कंपनीने माळ्याचं. चिठ्ठीवर दोन्ही नावं छापायची. खर्च शून्य.

दुसरं, कुणाकडे जुनी प्रशस्तिपत्रकं, प्रवेशिका, प्रदर्शनाच्या पुस्तिका असतील तर फोटो इथे टाका. कोविडमध्ये प्रदर्शनात खंड पडला तेव्हा बऱ्याच घरांतून असे कागद रद्दीत गेले असतील, उरलेले तरी जपू.

शेवंती

रकान्याच्या सूचनेला माझं अनुमोदन. आमच्या बागप्रेमींच्या गटात आजच टाकते. भीमथडी जत्रेत बचतगटाच्या वस्तूंवर करणारीचं नाव असलं की लोक आवर्जून विचारतात, हा अनुभव आहे. झाडांच्या बाबतीतही तसंच होईल.

तांबडी_माती दादा, एक विचारू? कुंडीतल्या गुलाबाची छाटणी मी ऑक्टोबरात करते आणि जानेवारीच्या प्रदर्शनाला माझी फुलं संपून गेलेली असतात. आप्पा काय करायचे?

तांबडी_माती

ताई, जरूर विचारा. ऑक्टोबरातली छाटणी झाडाच्या तब्येतीसाठी, ती करायचीच: वाळलेल्या, आत वळलेल्या फांद्या काढायच्या, पहिला बहर डिसेंबराच्या सुमारास घ्यायचा. प्रदर्शनाच्या फुलासाठी नोव्हेंबर अखेर ते डिसेंबरचा पहिला आठवडा या दिवसांत निवडक ताज्या फांद्या पुन्हा मागे घ्यायच्या, बाहेर तोंड असलेल्या डोळ्याच्या वर, तिरका काप. सगळं झाड नाही, दोन-तीन जोमदार फांद्या पुरेत. छाटणीनंतर आठवडाभर पाणी बेताचं. फूट लालसर दिसली की शेणाची पातळ स्लरी दर दहा-बारा दिवसांनी, आणि कळी रंग दाखवायला लागली की खत बंद. उंदीरकानाएवढी पानं असताना मावा बघत राहायचा, आप्पा बोटांनीच पुसून काढायचे.

कुंडीची माहिती टाका, किती इंची आहे आणि जात कुठली. त्यावर तारखा सांगतो.